उणं, डोस, त्रास

अकरा वर्षांत झुंबरबाईंनी तेवीस आजारी माणसं सांभाळली. त्यांना अंघोळ घातली, कुशी बदलल्या, पेज भरवली, वेण्या घातल्या, शिव्याही खाल्ल्या. तेवीसच्या तेवीस आडवी भेटली आणि आडवीच सुटली. कुणी देवाघरी गेलं, कुणाला लेकानं पुण्याला नेलं, कुणाची रवानगी देवळाली कॅम्पच्या पलीकडे कुठल्या आश्रमात झाली. मग ब्युरोवाल्याचा फोन यायचा, "झुंबरबाई, उद्यापासून दुसरं घर." घरोघर आजाऱ्यांपाशी बाया पाठवणारं ते ऑफिस, त्याला सगळी घरं सारखीच. झुंबरबाई डबा, टॉवेल आणि मिश्रीची डबी पिशवीत टाकायच्या आणि दुसऱ्या दाराची बेल वाजवायच्या.

"माझ्या हातून एकबी माणूस उठून चाललं नाय," असं त्या कधी कधी नवऱ्याला म्हणायच्या.

"अगं, चालत्या माणसाला तू कशाला लागतेस?" काळू म्हणायचा. "चालता येत नाय म्हणून तर तुला बोलावत्यात."

बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर बोललेलं दर वेळी बरं वाटतं असं थोडंच आहे!

चोविसाव्या होत्या सिस्टर सोलेदाद. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत ख्रिस्ती सिस्टर लोकांचं एक बैठं घर आहे, पुढे जास्वंद आणि मागे पाण्याची टाकी. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या होत्या. वय त्र्याऐंशी. पन्नास वर्षांपूर्वी स्पेन देशातून आल्या, नर्सचं काम शिकलेल्या, आणि पेठच्या डोंगरात पाड्या-पाड्यांवर बाळंतपणं करत राहिल्या. सोलेदाद हे नाव तिकडे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. त्याचं सोळेदा झालं, सुळाबाई झालं आणि शेवटी सुलाबाईवर येऊन थांबलं. झुंबरबाईंचं माहेर त्याच डोंगरातलं, पण चार घाटवळणं पलीकडचं. सुलाबाईंचं नाव त्या ऐकून होत्या, तोंड कधी बघितलं नव्हतं.

बघितलं ते असं: ऑगस्टमध्ये लकवा मारलेलं, उजवीकडून खाली ओघळलेलं. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि बोलणंही गेलं होतं. पन्नास वर्षं घोटलेलं मराठी गेलं, इंग्रजी गेलं. राहिले होते फक्त निळे डोळे, आणि ते मात्र सगळं ऐकायचे.

म्हणूनच एका शुक्रवारी घोटाळा झाला. घराचा कारभार बघणाऱ्या सिस्टर ज्योत्स्ना पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून झुंबरबाईंना सांगत होत्या, "हे बघा, वीस डिसेंबरला आमच्या मोठ्या सिस्टर येणार आहेत. सगळ्या घरांच्या प्रमुख. इथं आम्ही तिघीच, तिघींना बाहेरची कामं. सिस्टर सोलेदाद एका माणसाच्या आधारानं बाथरूमपर्यंत जाऊन येऊ शकल्या तर इथं राहतील. नाहीतर गुजरातमध्ये आमच्या म्हाताऱ्या सिस्टर लोकांचं मोठं घर आहे, नर्स वगैरे सगळं आहे, तिकडे न्यावं लागेल."

"गुजरातेत वळखीचं कोन हाय त्यांच्या?"

"ओळखीचं... नाही. पण सोय चांगली आहे."

सिस्टर सोलेदाद यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारची पेज घेतली नाही. रात्रीची घेतली नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पेठकडून दोन बाया एसटीनं आल्या, त्यांनी नागलीचे पापड आणले आणि "सुलाबाई, आमची ज्योती आता कॉलेजात गेली, तुमच्याच हातची ना ती," असं कानाशी सांगितलं, तेव्हा कुठे तोंड या बाजूला वळलं. झुंबरबाईंनी ती संधी साधून चमचाभर पेज आत सारली आणि मनाशी ठरवलं: ह्या बाईला गुजरातेत जाऊ द्यायचं नाय. चोविसावी उठली पायजे.

ठरवणं सोपं होतं. उजवा पाय मात्र हूं की चूं करत नव्हता.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी झुंबरबाई ओरडतच स्वयंपाकघरात आल्या. "शिस्टर! ज्योत्स्ना शिस्टर! बाई बोलल्या!"

"काय? काय बोलल्या?"

"डोस. त्रास. साफ बोलल्या. गोळी पुढं केली आन् बोटं अशी हालवली चादरीवर, म्हन्ल्या, डोस, त्रास. गोळीचा त्रास होतो त्यांना."

सिस्टर ज्योत्स्नांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोळी जेवल्यावर द्या. जेवल्यावर दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "डोस... त्रास." गोळी कुटून मधातून दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि वर आणखी एक शब्द.

"आता कातर म्हन्तात."

"कातर?"

"कात्री मागत असत्याल. टाके कापायला."

"अहो, टाके कुठे आहेत त्यांना?"

"ते मला काय म्हाईत? मागत्यात त्या."

दोघींनी मिळून चादर, गाऊन, उशीचा अभ्रा सगळं तपासलं, कुठे दोरा टोचतोय का म्हणून. दोरा नव्हता. सुलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या निळ्या डोळ्यांत जो भाव होता तो झुंबरबाईंना चांगला ओळखीचा होता; आपलं पोर पाचव्यांदा तीच चूक करतं तेव्हा आईच्या डोळ्यांत तो येतो.

व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा वेदिका यायची. पंचवीस-सव्वीसची पोरगी, गोविंदनगरहून स्कूटरवर. हेल्मेट काढायच्या आत बोलायला लागायची, त्यामुळे तिची पहिली दोन वाक्यं कधीच कुणाला कळायची नाहीत. त्या गुरुवारी तिनं सुलाबाईंचा चांगला गुडघा उचलून वाकवला. "चला सिस्टर. वन."

काही नाही.

"टू."

"दोस," सुलाबाई म्हणाल्या.

"बघा!" झुंबरबाई पुढे सरसावल्या. "पुन्ना डोस!"

"थ्री," वेदिका म्हणाली.

"त्रेस."

"आन् हा त्रास! ताई, तुमी तरी डॉक्टरला सांगा, गोळी बदला म्हनावं."

"मावशी, गप." वेदिका गुडघा तसाच हातात धरून पुतळ्यासारखी उभी होती. "फोर."

"क्वात्रो."

"अहो मावशी!" वेदिकाच्या हातून गुडघा जवळजवळ सुटलाच. "सिस्टर मोजतायत!"

"काय मोजत्यात?"

"आकडे! स्पॅनिशमध्ये! दोस म्हणजे दोन, त्रेस म्हणजे तीन, क्वात्रो चार!"

झुंबरबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग एक कुठं गेला?"

"एक... तोंड उघडेपर्यंत गिळला जात असेल. उनो. एकाला उनो म्हणतात. बोला सिस्टर, उनो!"

सुलाबाईंच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली. ओठ पुढे आले, हवा आली, आवाज आला नाही. पण त्या पोरीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू दोन महिने बंद असलेल्या दारावर पहिल्यांदा कुणीतरी बाहेरून टकटक केली होती.

"आन् आमी पाच दिस मधातनं गोळ्या घालतोय," झुंबरबाई हळूच म्हणाल्या. "बाई, माफी करा ओ."

वेदिकानं मग सगळा व्यायाम स्पॅनिशमध्ये घेतला. वन-टू म्हटलं की सुलाबाईंची नजर खिडकीतल्या जास्वंदीवर जायची. उनो-दोस म्हटलं की नजर पायाकडे यायची आणि सहाव्या-सातव्या आकड्याला त्या मेल्या उजव्या पायाचा अंगठा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, वर उठायचा. तो उठताना तिघींनी पाहिला. तिघी म्हणजे सुलाबाई धरून.

"तुमाला कसं येतं ओ हे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शिकायला घेतलं होतं. दहापर्यंत आलं आणि लॉकडाऊन उठलं." वेदिकानं हेल्मेट उचललं. "ऐका मावशी. मी तीन दिवस येणार. पाय रोज चार वेळा चालवायचाय. मोजणार कोण? तुम्ही."

"मी? ताई, मला मराठी शंभर धड येत नाय. चौथीतनं गुरं राखायला गेलेली मी."

"शंभर कुठे? दहाच. व्यायामाची एक खेप दहाचीच असते." तिनं बीपी लिहायच्या कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत दहा शब्द लिहिले आणि कागद उशाशी चिकटवला.

झुंबरबाई दिवसभर त्या कागदावर बोट ठेवून होत्या. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, न्वेवे, दिएस. डोळ्यांना दिसायचे, कागदावरून बोट उचललं की पळायचे. मग त्यांनी आपली युक्ती केली. शनिवारी वेदिका आली तेव्हा त्या तिच्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहिल्या, शाळेत उभ्या राहायच्या तशा.

"म्हनू?"

"म्हणा."

"अंगात उणं होतं म्हनून डोस घेतला. डोसचा त्रास झाला. कातरवेळी शिंक आली. साय खाल्ली, शेतात गेले, ओचा भरला, नवं नेसले आन् दिस गेले."

वेदिका बोटांवर मोजत होती. उणं, डोस, त्रास, कातर, शिंक, साय, शेत, ओचा, नवं, दिस. दहा. बरोबर दहा! मग तिला शेवटचं लक्षात आलं आणि ती पोट धरून खुर्चीत बसली. "मावशी, दिस गेले?"

"ह्या वयात?" झुंबरबाईंनी पदर तोंडावर घेतला. "दिस मावळला म्हना, मावळला."

घरी मात्र पंचाईत झाली. पेठ रोडच्या त्यांच्या खोलीत त्या सकाळी भाकरी थापत होत्या आणि टोपल्यात पडणारी एकेक भाकरी मोजत होत्या. काळू ड्युटीला निघायच्या तयारीत, शिट्टी शर्टाच्या खिशाला अडकवत होता. मखमलाबाद रोडच्या एका सोसायटीचा तो वॉचमन.

"उणं," झुंबरबाई म्हणाल्या आणि पहिली भाकरी टाकली.

"काय उणं? मीठ?"

"एक. एकाला उणं म्हन्तात त्यांच्यात."

काळूचा हात थांबला. "पैल्यालाच उणं? भाकरीला? झुंबर, सकाळी सकाळी हे काय बोलते तू?"

"मी नाय, स्पेनवाले बोलत्यात."

"बोलू दे त्यांना. त्यांच्याकडं गहू बक्कळ असंल. तुझा बाप भात मोजताना पैल्या मापाला काय म्हणायचा?"

झुंबरबाईंना ते सांगायची गरज नव्हती. खळ्यावर पहिलं माप ओतताना बाप कधी 'एक' म्हणाला नाही. 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. मोजायची सुरुवात एकटेपणानं करायची नाही, फायद्यानं करायची. आणि इथे तर उण्यानं! म्हणजे काहीतरी कमीच आहे असं आधी कबूल करायचं आणि मग पाय उचलायचा. आधीच एक अंग कमी झालेल्या बाईच्या कानाशी रोज चार वेळा 'उणं, उणं' करायचं?

"काय, स्पेनला जातेस का आता?" काळूनं चप्पल घालता घालता चिडवलं. "जाशील तर सांग, मी दुसरी बघतो भाकरीला."

"तुला कोन देनार रे? तू आधी शिट्टी नीट वाजव."

त्या दिवशी अकरा वाजता सुलाबाईंना पलंगाच्या कडेला बसवून, कमरेला पट्टा बांधून, झुंबरबाईंनी पहिल्यांदा उभं केलं. डाव्या हातात चार पायांची काठी. आणि पहिलं पाऊल टाकायला सांगताना त्यांच्या तोंडून 'उनो' आलंच नाही.

"लाभ!" त्या म्हणाल्या.

सुलाबाई गर्रकन वळल्या. म्हणजे मान वळली तेवढीच. मग चेहऱ्याची चांगली बाजू वर गेली, घशातून घुंघुं असा आवाज आला आणि झुंबरबाई घाबरल्या. पण तो झटका नव्हता. बाई हसत होत्या. पन्नास वर्षांत कुठल्या कुठल्या खळ्यांवर, कुणाकुणाच्या ओसरीवर बसून त्यांनी तो शब्द ऐकला असेल! हसता हसता त्यांनी डावं पाऊल पुढे टाकलं.

"दोस," झुंबरबाई म्हणाल्या, आणि उजवा पाय फरशीवरून फरपटत डाव्याच्या बरोबरीला आला.

तेव्हापासून त्यांची मोजणी अशीच राहिली. लाभ, दोस, त्रेस. वेदिकानं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "मावशी, हे कुठलं स्पॅनिश?"

"आमचं."

पाचाच्या आकड्यावरून आणखी एक भांडण झालं. झुंबरबाई 'थिंको' म्हणायला लागल्या होत्या, आणि दहाला 'दिएथ'.

"सिंको," वेदिका म्हणाली. "दिएस. जीभ दातांत नका घालू."

"बाई तसंच म्हन्तात."

"त्यांचं तोंड वाकडं झालंय ना मावशी, म्हणून तसं ऐकू येतं."

"नाय ओ ताई. वाकड्या तोंडाचं बोलनं मी अकरा वर्सं ऐकते. त्यात हवा सुटती. ह्या जीभ मुद्दाम लावत्यात दाताला, नीट, दर टायमाला. तुमचा मोबाईल चुकला असंल."

वेदिकानं तिथेच मोबाईल काढला, शोधलं, एक-दोन माणसांची बोलणी ऐकली. मग तिचा चेहरा उतरला. "मावशी... स्पेनमध्ये थिंकोच म्हणतात. मी शिकले ते मेक्सिकोकडचं होतं."

झुंबरबाईंनी सुलाबाईंच्या गळ्याखालचा रुमाल तेवढा नीट केला, पण असा केला, की जणू सत्कार चालला होता.

नोव्हेंबर सरेपर्यंत दोन पावलांची चार झाली, चाराची सात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा. पलंगापासून दहा पावलांवर एक खुर्ची ठेवलेली असायची. दिएथ म्हटलं की सुलाबाई तिच्यात बसायच्या, पाणी प्यायच्या, धाप ओसरली की पुन्हा लाभपासून दहापर्यंत मोजत पलंगावर. आता चालताना त्या स्वतःहूनही पुटपुटायच्या, पण झुंबरबाईंच्या मागून. आकडा आधी झुंबरबाईंनी टाकायचा, मग बाईंनी उचलायचा. आधी कधीच नाही.

वीस तारखेला मोठ्या सिस्टर आल्या. उंच, करड्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मंगळूरकडच्या असाव्यात, मराठी जपून बोलायच्या. वेदिका सुट्टी घेऊन आली होती. सिस्टर ज्योत्स्ना दारात जपमाळ मुठीत घेऊन. झुंबरबाईंनी सुलाबाईंना सकाळीच न्हाऊ घातलं होतं, पांढरं स्वच्छ नेसवलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या तळव्यांना इतका घाम होता की पट्टा दोनदा पदराला हात पुसून धरला.

"चला बाई," त्या कानाशी म्हणाल्या.

"एक मिनिट," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ही खुर्ची इथे कशाला?"

"बसायला, सिस्टर," वेदिका म्हणाली. "मध्ये विश्रांती घेऊन पुढे जातील त्या."

"रोज मध्ये खुर्ची कोण ठेवणार? एक जण धरणार, की खुर्ची सरकवणार?" आवाज कडक नव्हता, उलट त्यात काळजी होती, आणि ते जास्त अवघड होतं. "खुर्ची काढा. थेट बाथरूमपर्यंत जाऊ द्या. मी उगाच अडवत नाहीये. पडल्या तर या वयात हाड जुळणार नाही."

खुर्ची बाहेर गेली. झुंबरबाईंनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. रोज दहा वेळा त्या दारातून त्यांची ये-जा, पण ते किती पावलांवर आहे हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. खुर्चीपर्यंत दहा. त्याच्या पुढे नुसती फरशी, चकचकीत, पांढरी.

"लाभ," त्या म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. डावं पाऊल पडलं.

दोस. त्रेस. क्वात्रो. काठीचे चार पाय फरशीवर टकटक करत होते. थिंको. सेइस. उजवा पाय उचलत नव्हता, पण येत होता, हट्टी वासरासारखा ओढत. सिएते. ओचो. सुलाबाईंचा श्वास झुंबरबाईंच्या गालाला लागत होता. न्वेवे.

"दिएथ," झुंबरबाई म्हणाल्या.

पाऊल पडलं आणि सुलाबाई थांबल्या. त्या बसायला खाली बघायला लागल्या. खुर्ची नव्हती.

दार अजून पुढेच होतं. आणि झुंबरबाईंच्या तोंडात काहीच नव्हतं. शेत संपलं, ओचा संपला, दिस मावळला. त्या गोष्टीत पुढे काहीच घडत नव्हतं. त्यांनी वेदिकाकडे पाहिलं. वेदिकानं मान हलवली. तिचंही लॉकडाऊन तिथेच उठलं होतं.

"अकरा," झुंबरबाई म्हणाल्या.

पाय हलला नाही.

"लाभ, बाई. पुन्ना लाभ."

नाही. सुलाबाईंचे गुडघे थरथरायला लागले होते. पट्ट्यातून ती थरथर झुंबरबाईंच्या मनगटात येत होती.

"पुरे," मोठ्या सिस्टर पुढे आल्या. "बसवा त्यांना. खूप केलं. खुर्ची आणा."

"ओन्थे," सुलाबाई म्हणाल्या.

"ओठ?" झुंबरबाई गडबडल्या. "ओठ सुकले? शिस्टर, पानी! पानी आना, ओठ सुकले बाईंचे!"

"ओन्थे!" या वेळी सुलाबाई जवळजवळ ओरडल्या. काठी त्यांनी टणकन पुढे आपटली आणि तिच्यामागे डावं पाऊल टाकलं.

झुंबरबाईंनी त्या पावलाकडे पाहिलं. मग त्या तोंडाकडे. ते तोंड पुढचा शब्द जमवत होतं. जीभ दाताला लावलेली, नीट, मुद्दाम.

"दोथे."

उजवा पाय आला.

"दोथे!" झुंबरबाई म्हणाल्या. पाऊल पडून गेल्यावर, मागून.

"त्रेथे."

"त्रेथे!"

"कातोर्थे," आणि सुलाबाईंनी काठी दाराला टेकवून डाव्या हातानं चौकट धरली. चौकटीचा रंग तिथे उडालेला होता. त्यांची बोटं पांढरी पडली होती, मानेवर घामाचा ओघळ होता, आणि त्या खिडकीकडे नव्हे, जास्वंदीकडे नव्हे, सरळ मोठ्या सिस्टरांकडे बघत होत्या.

सिस्टर ज्योत्स्ना डोळे पुसत होत्या. वेदिका पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभी होती आणि तो कुणासाठी आणला हे विसरली होती. मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढला, दोरीवर सोडला, भिंतीजवळ गेल्या आणि पलंगापासून दारापर्यंतचं अंतर वितीनं मोजल्यासारखा भिंतीवरून हात फिरवत आल्या.

"सिस्टर ज्योत्स्ना," त्या म्हणाल्या, "या भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. स्टीलची. इथून तिथपर्यंत. आणि आत बाथरूममध्ये पण एक."

"म्हणजे..." सिस्टर ज्योत्स्ना दारातून आत आल्या.

"म्हणजे सुतार किंवा कोण असतो तो, त्याला बोलवा. नाताळच्या आधी."

वेदिकानं झुंबरबाईंचा दंड धरला. "मावशी! ऐकलंत का? दांडी लावतायत! सिस्टर इथेच—"

"थांबा ओ ताई, मधी बोलू नका." झुंबरबाईंनी मान वळवलीच नाही. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यावर होते. चालत जाणं एक, पण दारात वळणं हे त्याहून अवघड, आणि वळून परत पलंगापर्यंत जायचं अजून बाकी होतं. सुलाबाईंनी चौकट सोडली, काठी धरली, आणि अंग हळूहळू, बैलगाडी अरुंद रस्त्यात फिरवावी तसं, फिरवायला घेतलं.

"किन्थे," त्या म्हणाल्या.

"किन्थे," झुंबरबाई म्हणाल्या. "पंधरा ना ओ हे? मंग सोळा? सोळा काय?"

सुलाबाईंनी सोळा सांगितला. तो आकडा इतका लांबलचक निघाला की तो पुरा होईतो दोन पावलं पडली.